डावीकडचे तारे

थोरली आली ती थेट आईच्या कोपराशी गेली. गुरुवारचा मार रविवारपर्यंत पिकला होता. कडेला पिवळा, मध्ये जांभळा, पुस्तकाच्या अस्तराच्या कागदावर रंग सांडून पसरावा तसा. तिने हात लावला नाही. नुसती पाहत राहिली, आणि वडिलांकडे न बघताच म्हणाली, "फोनवर तीन पायऱ्या म्हणालात. तीन पायऱ्यांवरून पडून एवढं लागत नाही."

"चार असतील," बाबा म्हणाले.

"बाबा."

"अगं, मोजत बसलो नाही मी. उचलायला धावलो."

"सहा," खुर्चीतून आई म्हणाली. "मी मोजल्या, जाता जाता. आणि ह्यांनी मला उचललं नाही. हे घाबरून शेवटच्या पायरीवर बसले होते. मीच ह्यांना उचललं."

धाकटा हसला. त्याची बायको चहाचे कप मांडता मांडता हसली. थोरली हसली नाही, म्हणून दोघांचेही हसू अर्ध्यावरच विरले.

अकरा आठवड्यांपूर्वी, खाली कारखान्यात पुस्तक शिवताना, आईच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. वाचा वाचली, हात वाचले. गेला तो जगाचा डावा अर्धा भाग. डोळे दोन्ही शाबूत होते, पण डावीकडून येणारे काही त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. आणि जे पोहोचत नाही ते नसतेच, अशी आईच्या मनाची भाबडी खात्री झाली होती. चालताना ती डावीकडे कलायची. दाराच्या डाव्या चौकटीला तिचा खांदा रोज एकदा तरी आपटायचा, आणि ती चौकटीलाच म्हणायची, "तू कुठून आलीस गं मध्येच?"

वर घर, खाली पुस्तकबांधणीचा कारखाना, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. चौतीस वर्षे आई हा जिना दिवसातून आठ-दहा वेळा उतरली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, ज्यांना सगळे फॉर्म म्हणत, ती दोऱ्याने एकमेकांना जोडत असे. तिच्या शिवणीचे पुस्तक उघडले की सपाट पडून राहते, असे गिऱ्हाईक सांगत. आता तिला तिथवर परत पोहोचायचे होते. एवढीच तिची मागणी होती.

थोरलीची मागणी वेगळी होती. "माझ्याकडे तळमजला आहे," ती म्हणाली. "जिना नाही, सुया नाहीत, कातरी नाही. खोली लावून ठेवली आहे. मी तिला न्यायलाच आलेय, हे आधीच सांगते; मागाहून कुणी रुसायचं नाही."

"मला विचारलंस?" आई म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हे मात्र खरं," असे म्हणून आईने डोळे मिटले. दुपारची गोळी तिला पेंग आणायची. सुनेने तिला आतल्या खोलीत नेऊन निजवले आणि दार अर्धवट लोटून घेतले.

चारला फिजिओबाई येणार होत्या. मंगळवार-शुक्रवार हा त्यांचा नेम. या शुक्रवारी त्यांना येता आले नव्हते. आज जिन्यावरून पडल्याचे कळल्यामुळे खास येत होत्या. तोवर टेबलाशी चौघे जमले, आणि घरातल्या माणसांचे तट नेहमीप्रमाणे न बोलता पडले. धाकटा वडिलांच्या बाजूला सरकला. सून कुणाच्याच बाजूला नव्हती. ती भांड्यांच्या बाजूला उभी होती.

"त्या बाईंनीच जिन्याची परवानगी दिली," थोरली म्हणाली. "सहा आठवडे येतायत. त्यांना कळत कसं नाही?"

"कागदावरून दिली," धाकटा म्हणाला. "रोजचा तो ताऱ्यांचा कागद असतो ना, त्यावरून. तीन आठवडे सगळे तारे बरोबर येतायत."

बाबांनी चहाचा कप उचलला आणि तो रिकामा आहे हे पाहूनही तोंडाला लावला.

ताऱ्यांचा कागद म्हणजे पानभर विखुरलेल्या आकृत्या. त्यांत चाळीस लहान तारे, वीस उजवीकडे, वीस डावीकडे. आईने प्रत्येक तारा शोधून त्याला गोल करायचा. न्याहारीनंतर ती खिडकीशी बसून तो कागद सोडवी. कागद दुपारपर्यंत टेबलावर पडून राही, मग सून तो फायलीत लावून ठेवी.

बाबांना आज ती फाईल टेबलावर नको होती. त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण येत होती. या घराला त्यांनीच एक नेम घालून दिला होता. कारखान्यात कुणाच्या हातून काम वाकडे गेले, तर ज्याच्या नजरेस पडेल त्याने ते गुपचूप सरळ करायचे आणि त्याचा उच्चार करायचा नाही. उलटा लागलेला फॉर्म, सुटलेला टाका, तिरका कापला गेलेला पुठ्ठा. सकाळी आपले काम नीट झालेले दिसले की ज्याचे त्याने समजून घ्यायचे. मोठे काका घर सोडून गेले त्या वर्षीसुद्धा, त्यांच्या हातची शेवटची वाकडी पुस्तके आजोबांनी रात्री बसून सारखी केली आणि त्यांचे नाव काढले नाही. त्यामुळे तीन पिढ्यांत या घरात कामावरून आवाज चढला नव्हता. बाकी सगळ्यावरून चढला होता.

फिजिओबाई आल्या. वयाने थोरलीपेक्षाही लहान, केस घट्ट बांधलेले, बगलेत फोमची जाड गादी. तिच्यावर उभे राहून आई तोल सांभाळायला शिकत होती. त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. फाईल उघडली आणि एकवीस कागद ओळीने टेबलावर मांडले.

"मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "कागद सांगतो, काकूंना पूर्ण पान दिसतं. जिना सांगतो, दिसत नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. आणि जिन्याला खोटं बोलायचं काही कारण नाही."

  नळाखालच्या भांड्यात पाण्याचा एकेक थेंब पडत होता, तो अचानक मोठ्याने ऐकू येऊ लागला.

थोरलीची नजर फिरत फिरत सुनेवर थांबली. "दुपारी फाईल कोण लावतं?"

"मीच," सून म्हणाली. तिने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "आणि हो. मीच भरायचे."

"काय भरायचीस?"

"राहिलेले तारे. चारच राहायचे हो, ताई. कधी तीन. अगदी डाव्या कडेचे. एवढं करून चारांसाठी कशाला कमी दिसायचं, असं वाटायचं."

"चार!" थोरली उभी राहिली. "तुझ्या त्या चारांपायी ती सहा पायऱ्या गडगडली, कळतंय का तुला? डोकं आपटलं असतं म्हणजे?"

सुनेचे डोळे भरून आले. या घरात येऊन तिला सात वर्षे झाली होती. इथली सर्वांत अवघड गोष्ट तिने न शिकवता उचलली होती, म्हणून मनातल्या मनात ती स्वतःवर खूश असे. दुसऱ्याचे उणे कसे झाकायचे, ते ती बघून बघून शिकली होती. आता तिला वाटले, इतके चांगले शिकायला नको होते.

"तिला एकटीला बोलू नकोस," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कारखान्यात जाण्याआधी मीही भरायचो."

सुनेने मान वळवली. "तुम्ही?"

"आठ रिकामे असायचे. मी चार करायचो. सगळे केले असते तर खरं वाटलं नसतं. चार तसेच ठेवायचो, मॅडमना कळावं म्हणून."

"आणि ते चार मी भरायचे," सून हळूच म्हणाली.

फिजिओबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आठ राहायचे."

"अठरा," बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. कागद कापावा तशी सरळ रेघ बोटाने टेबलावर ओढत ते बोलू लागले. "ती उठून हात धुवायला गेली की पहिला मी बघायचो. अठरा राहायचे, कधी एकोणीस. डावीकडे एखादाच गोल. मला बघवायचं नाही ते. दहा भरायचो. आठ मुद्दाम सोडायचो. म्हटलं, मॅडम हुशार आहेत, आठवरून ओळखतील." ते थांबले. "मागून दोघं बसलेत हे मला काय ठाऊक? आणि मंगळवारी यांनी जिना उतरायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आठ राहूनही चालत असेल. विचारायला हवं होतं. विचारलं असतं, तर दहांचं सांगावं लागलं असतं."

"कमाल आहे," थोरली म्हणाली. "कुणाला म्हणून पूर्ण खोटं बोलवेना, आणि कुणाला खरंही बोलवेना."

"पण पहिल्या आठवड्यातले हे सात कागद वेगळे आहेत," फिजिओबाई एक कागद उजेडाकडे धरत म्हणाल्या. "चाळीसही गोल एकाच हाताचे आहेत, थरथरते. काकूंचेच. त्या आठवड्यात इथे कोण होतं?"

थोरली खाली बसली. टेबलावरचे कागद बघत म्हणाली, "मी एकही गोल केला नाही."

"मग?"

"तिचं झालं की मी कागद उलटा फिरवून द्यायचे. डावी बाजू उजवीकडे यायची. मग तिला सगळे दिसायचे. मग मी तो परत सरळ करायचे."

धाकट्याच्या तोंडून हसू फुटले. त्याने ते हाताने दाबले, पण तोवर ते सुनेला लागले आणि सुनेकडून बाबांना. "एकाच माळेचे मणी," बाबा डोळे पुसत म्हणाले. थोरली चिडून काही बोलणार होती, तोच आतल्या दाराची डावी कडी वाजली. आईचा खांदा तिला लागला होता.

ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. एक हात भिंतीला, पाय फाकवून रोवलेले. हसू तत्काळ विझले.

आईला त्या क्षणी टेबलाचा अर्धाच भाग दिसत होता. धाकटा, सून आणि फिजिओबाईंचा एक हात. बाबा आणि थोरली तिच्यासाठी नुसते आवाज होते. तरी ती त्या आवाजांच्या दिशेनेच बोलली.

"मला वाटायचं, मी केलं आणि विसरले."

कुणाला कळले नाही.

"दहा-बारा दिवसांपूर्वी फाईल चाळली मी. सगळे कागद भरलेले. मला आठवत होतं, मी अर्ध्यावर उठले होते. मला डावीकडचा एकही गोल केल्याचं आठवत नव्हतं. मग म्हटलं, चला. डोळे गेले, तोल गेला, आता डोकंही चाललं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो ऐकायला अधिक कठीण जात होता. "तेव्हापासून मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून घोकत पडते. तुमच्या जन्माचे दिवस. कारखान्यात कोणतं पुस्तक कधी आलं. ह्यांची आई गेली तो वार. कुठे अडखळले की छातीत धस्स व्हायचं. कुणाला सांगणार? म्हणजे तुम्ही ते पण झाकलं असतं."

बाबांनी तोंड उघडले. आईने हात वर केला.

"तुम्ही बोलू नका. आत्ता नाही. मॅडम, एक कोरा कागद आहे?"

फिजिओबाईंनी तिला खुर्चीवर बसवले, समोर कागद चिकटवला, हातात पेन्सिल दिली. "काकू, दमला असाल तर उद्या करू."

"उद्या हे चौघे सकाळी माझ्याआधी उठतील."

चौघांनी माना खाली घातल्या. आईने सुरुवात केली. उजवीकडचे वीस तारे तिने झरझर टिपले, आणि मग पेन्सिल पानाच्या मध्यावर आली आणि जणू कागद तिथेच संपत असल्यासारखी थांबली. मध्यरेषेलगतचे दोन सापडले. "झालं," ती म्हणाली.

अठरा तारे समोर उघडे पडले होते. धाकटा छताकडे बघू लागला. सुनेने नवऱ्याचे मनगट धरले, आपला हात पुढे जाऊ नये म्हणून. बाबा स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर बसले. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना हात आवरून बसण्याइतके कष्टाचे काम कुणी सांगितले नव्हते.

"झालं नाही, काकू," फिजिओबाई म्हणाल्या. "अठरा राहिलेत."

आईने श्वास आत घेतला. इतक्या आठवड्यांत हा आकडा तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होते. तो जड होता, पण त्याला बूड होते. त्यावर पाय ठेवता येत होता. "अठरा," ती म्हणाली. "म्हणजे मी अर्ध्यावर उठायचे ते बरोबर आठवत होतं."

"अगदी बरोबर. तुमचं डोकं ठणठणीत आहे."

आईने पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. "पुढे सांगा."

फिजिओबाईंनी पिशवीतून लाल चिकटपट्टी काढून कागदाच्या डाव्या कडेला उभी लावली. "लाल दिसेपर्यंत मान वळवायची. डोळे नाही, मान. लाल दिसल्याशिवाय पुढची ओळ सुरू करायची नाही."

आईची मान वळू लागली. आधी थोडी, मग आणखी. मानेची शीर ताणली गेली. काही नाही. आणखी. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले, अंधाऱ्या खोलीत हाताला अचानक दाराची कडी लागावी तसे. "लाल," ती म्हणाली. पेन्सिल तिथपर्यंत सावकाश गेली आणि एका ताऱ्याभोवती फिरली. गोल जमला नाही. नीट मिटलाही नाही. कुणी तो पुरा करायला गेले नाही.

हे वीस मिनिटे चालले. शेवटी तिने पेन्सिल खाली ठेवली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"डावीकडचे नऊ," फिजिओबाईंनी मोजले. "एकूण एकोणतीस."

"काल चाळीस होते," धाकटा पुटपुटला.

"काल तुम्ही तिघं होता," आई म्हणाली. "आज मी एकटी आहे."

यावर मात्र थोरलीसुद्धा हसली. पण तिचे मन ढळले नव्हते. ती आईच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. "तरीही चल, आई. चिडून नाही सांगत. तिथे तुला काही अडणार नाही. पलंग असा लावलाय की दार उजवीकडे येईल. दिवा उजवीकडे. पाणी, घंटा, सगळं उजवीकडे."

"तेच तर," आई म्हणाली. "तू कागद फिरवून देत होतीस. आता खोली फिरवून देशील."

थोरलीने फिजिओबाईंकडे पाहिले. तिला कुणीतरी आपल्या बाजूने बोलायला हवे होते.

"सगळं उजवीकडे ठेवलं तर मान वळायचीच नाही," फिजिओबाई म्हणाल्या. "पाणी डावीकडे हवं. माणसं डावीकडे बसायला हवीत. थोडा त्रास व्हायला हवा, रोज, आणि राहिलेलं राहिलं असं सांगणारं कुणीतरी हवं. जिना सध्या बंद. मी घाई केली, तुमच्याइतकीच माझीही चूक. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. हे कुठे करायचं ते तुम्ही ठरवा."

"मी इथं करणार," आई म्हणाली.

"मला एकदा बघू दे," थोरली म्हणाली. "तू कशी चालतेस ते. कुणी हात न देता. मग बोलते."

घराच्या मधोमध एक अरुंद बोळकांडी होती, बारा पावलांची. फिजिओबाईंनी जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ ओढली आणि चौघांना डाव्या भिंतीला अंतराअंतरावर उभे केले. "बोलायचं नाही, खोकायचं नाही, हात द्यायचा नाही. काकू, पाऊल टाकलं की मान डावीकडे. कोण उभं आहे ते सांगायचं, मग पुढचं पाऊल. पडू मी देणार नाही, मी मागेच आहे."

आई निघाली. मान वळवताना तिचे सगळे शरीर मानेच्या मागे जाऊ पाहत होते. "धाकटा," ती म्हणाली. दोन पावलांनी, "सून. रडू नकोस, नाक वाजतंय." पुढे ती बराच वेळ थांबली. बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. कुणीतरी आपल्याला शोधते आहे, या गोष्टीची त्यांना सवय नव्हती. "हे," ती म्हणाली आणि नाव न घेता पुढे गेली.

थोरली शेवटी होती. आई तिच्या समोर आली, मान वळवू लागली, आणि तिचा तोल गेला. डावा खांदा आधी कलला, मग कंबर. फिजिओबाईंचे हात मागे तयार होते, पण त्यांनी ते लावले नाहीत. थोरलीचा हात आपोआप वर आला. आईचे कोपर, तो जांभळा डाग, वीतभर अंतरावर होता. तिला फक्त बोटे मिटायची होती. लहानपणी कारखान्यात तिने शिवलेली पहिली वही सकाळी सरळ झालेली सापडली होती. कुणी केली ते तिला आजतागायत कळले नव्हते, आणि वही नीट कशी शिवायची तेही तिला कधी आले नव्हते. तिने आपला हात दुसऱ्या हाताने धरून छातीशी ओढला.

आईचा डावा पाय रेघ सोडून बाहेर पडला, जमिनीवर आपटला, थरथरला. मग त्याने भार घेतला. ती सरळ झाली. मान तशीच वळत राहिली, सावकाश, डोळ्यांत थोरली येईपर्यंत.

"थोरली," ती म्हणाली. "श्वास घे आधी."

आणि उरलेली दोन पावले टाकून ती टोकाला पोहोचली.

थोरलीने श्वास सोडला. तो सोडताना तिच्यातून बरेच काही बाहेर गेले, खोली लावण्यात घालवलेली सगळी संध्याकाळसुद्धा. तिने शेजारी पाहिले. सून अजून नाक पुसत होती.

"रोजचा कागद मला फोनवर पाठवत जा," थोरली तिला म्हणाली. "जसा असेल तसा."

"राहिलेल्यांसकट?"

"राहिलेल्यांसकट. आणि तुला मघाशी बोलले ते…"

"असू दे, ताई."

"असू दे नाही. जास्त बोलले. ऐकून घे."

बोळकांडीच्या टोकाला आई भिंतीचा आधार घेऊन वळत होती. परत येताना तिची डावी बाजू समोरच्या भिंतीकडे असणार होती. हे सगळे उभे होते ती भिंत आता उजवीकडे आली असती, सोपी, आयती दिसणारी. फिजिओबाई काही सांगायला वळल्या, पण सांगावे लागले नाही. थोरली आधीच रेघ ओलांडून पलीकडे गेली होती. तिच्यामागोमाग एकेक जण पलीकडच्या भिंतीला जाऊन उभा राहिला.